इलेक्ट्रॉनला तोंडच नाही तर पूर्वेकडे काय करणार भो

परवापासून आमच्या जळगावच्या तीन ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की स्फटिकातले इलेक्ट्रॉन एका दिशेला तोंड करून उभे राहतात, याला नेमॅटिक म्हणतात, म्हणून घरातला स्फटिक पूर्वेकडे तोंड करून ठेवा. मामींनी देव्हाऱ्यातला फिरवला पण. नेमॅटिक हा शब्द खराय, बाकीचं बघू.

आधी तोंड. नेमॅटिकमध्ये तोंडच नसतं, खरी गंमत तीच. रावेरला मामांच्या केळीच्या ओळी पूर्व-पश्चिम आहेत, आता ओळीचं तोंड कुठं ते सांगा, या बांधावरून बघा नाहीतर त्या, ओळ तीच. चुंबकाला उत्तर-दक्षिण असते, इथं फक्त आडवं की उभं एवढंच ठरतं, म्हणून याला क्वाड्रुपोल जातीची रचना म्हणतात. आणि त्याला चुंबकत्व लागतच असं नाही: सीरियम हेक्साबोराइड नावाच्या क्रिस्टलमध्ये तर साधारण ३.३ केल्विनला, म्हणजे उणे २७० सेल्सिअसच्या आसपास, क्वाड्रुपोल रांगेत लागतात आणि चुंबकत्व त्याच्याही खाली, २.३ च्या आसपास येतं.

पूर्व दिशा? आडवं-उभं हे क्रिस्टलच्या स्वतःच्या अक्षांवरून ठरतं, क्रिस्टल फिरवला की तेही फिरलं.

आणि तापमान! बेरियम आयर्न आर्सेनाइड या लोखंडाच्या संयुगात हे नेमॅटिक होणं १३८ केल्विनला होतं, म्हणजे उणे १३५ सेल्सिअस, आपल्याकडे मे महिन्यात ४५. शिवाय देव्हाऱ्यातला स्फटिक म्हणजे क्वार्ट्झ, त्यातून करंटच जात नाही, म्हणजे रांगेत लागायला मोकळे इलेक्ट्रॉनच नाहीत.

आता ग्रुपवरचे एक हुशार भाऊ उलटं बोलले, सगळं थोतांड, क्रिस्टलमधली अणूंची जाळीच वाकते, इलेक्ट्रॉन बिचारे मागे फरफटत जातात. शंका बरोबर आहे, जाळी चौकोनाची आयत होतेच, पण फरक एक टक्क्याच्याही आत, आणि त्याच आर्सेनाइडमध्ये थोडा कोबाल्ट मिसळला की दोन दिशांचा रेझिस्टन्स जवळजवळ दुपटीपर्यंत वेगळा. तरी आधी कोण हललं? २०१२ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी असाच क्रिस्टल पिझोवर, म्हणजे व्होल्टेज दिलं की लांबी बदलणाऱ्या तुकड्यावर, चिकटवला, व्होल्टेज देऊन स्वतःच अगदी किंचित ताणला, तेही आपोआप वाकण्याच्या तापमानाच्या वर, आणि तेवढ्याच ताणाला रेझिस्टन्समधला फरक किती पडतो ते मोजलं. थंड करत गेले तसा फरक वाढतच गेला. ताण यांच्या हातात होता ना, मग जाळीच मालक असती तर तेवढ्याच ताणाला इलेक्ट्रॉन असे जास्त जास्त उसळले नसते, ते आधीच कलायला टेकले होते.

मामींना फोन करून हे सगळं सांगितलं. म्हणाल्या, राहू दे रे, कामवाली पुसताना रोज फिरवतेच.