२५२० चे ‘रहस्य’ आणि रामानुजन यांचे खरे काम

ऐरोलीच्या काकांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलेला एक मेसेज माझ्या पुतणीने परवा वहीत उतरवून घेतला, कारण २२ डिसेंबरला, रामानुजन यांच्या जयंतीला, तिला तो शाळेत वाचून दाखवायचा होता. १ ते १० या सर्व संख्यांनी भाग जाणारी २५२० ही जगातील एकमेव संख्या आहे, ती रामानुजन यांनी शोधली आणि आठवड्याचे ७ दिवस, महिन्याचे ३० दिवस व वर्षाचे १२ महिने यांचा गुणाकार हे तिचे रहस्य आहे, असे त्यात म्हटले आहे. हा मेसेज पूर्वीही अनेकदा येऊन गेला. आता तो एका मुलीच्या वहीत शिरला, म्हणून लिहिणे भाग आहे.

‘एकमेव’ म्हणणे साफ चूक आहे. ५०४०, ७५६०, १०,०८० अशा २५२० च्या प्रत्येक पटीला १ ते १० ने भाग जातो. २५२० ही त्यांतील सर्वांत लहान, म्हणजेच त्या दहा संख्यांचा लसावि. नौपाड्यातील आमच्या घरी पुतणीने स्वतः ८ × ९ × ५ × ७ असे मांडले, ६ आणि १० वेगळे घ्यावे लागत नाहीत हे तिच्या लक्षात आले आणि मग यात रहस्य कुठे आहे, असे तिनेच विचारले.

७ × ३० × १२ हा गुणाकार बरोबर आहे, एवढे मान्य करावे लागेल. परंतु लागणारे मूळ अवयव त्या तीन संख्यांत आहेत, इतकेच त्याचे कारण. दिवसांना दिवसांनी गुणून कालगणनेत काहीही हाती लागत नाही.

शोधाचे म्हणाल, तर प्लेटोने ‘लॉज’ या ग्रंथात आदर्श नगरासाठी ५०४० कुटुंबांची संख्या सुचवली, ती १ ते १० ने भाग जातो हे सांगूनच, आणि तीही रामानुजन यांच्या बावीसशेहून अधिक वर्षे आधी.

मला सर्वाधिक संताप येतो तो सहावीतला लसावि रामानुजन यांच्या नावावर खपवला जातो याचा. लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात १९१५ साली आलेल्या त्यांच्या निबंधात, आपल्याहून लहान असलेल्या प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असणाऱ्या संख्यांचा विचार आहे. ४८ विभाजकांची २५२० त्यांत बसते, म्हणून तिचा रामानुजन यांच्याशी संबंध नाही असे म्हणता येत नाही. पण तिथे ती अनेकांतील एक आहे. अशा संख्यांची त्यांनी दिलेली यादी ६७,४६,३२,८३,८८,८०० या तेरा अंकी संख्येपर्यंत जाते, जिला १०,०८० विभाजक आहेत. त्या प्रचंड यादीत एकच संख्या राहून गेली, २,९३,३१,८६,२५,६००. यादीतील शेवटच्या संख्येला २३ ने भागले की ती मिळते. पुतणीने तो भागाकार वहीच्या पुढच्या पानावर हाताने केला आणि बाकी शून्य आली.