‘समुद्र तापला तर कोळंबीवाल्याचा फायदाच’: या मेसेजला उत्तर

निमखाऱ्या पाण्यात कोळंबी पाळणाऱ्यांमध्ये एक मेसेज जोरात फिरतोय. पाणी गरम झालं की कोळंबी लवकर वाढते, तेव्हा खाद्य वाढवा. पाऊस वाढला तर गोडं पाणी फुकटात. समुद्र चढला तर बांध हातभर उंच करा. उरलेलं एअरेटर (पाण्यात हवा मिसळणारं यंत्र) बघून घेईल. चारही वाक्यांत थोडंफार तथ्य आहे, म्हणून ती पटतात. पण हा सगळा हिशेब वर्षाच्या सरासरीचा झाला. तळं हातचं जातं ते एखाद्या पहाटे, नाहीतर एखाद्या उधाणाला.

‘गरम पाण्यात वाढ जास्त.’ व्हनामी या पाळीव कोळंबीच्या जातीबाबत २८ ते ३२ अंशांपर्यंत हे बरोबर आहे. शिवाय ३२-३३ अंशांना पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू मंदावतो, हेही मान्य. पण कोळंबीला आजारी पाडणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूंना तीच ऊब मानवते. त्याहून मोठी अडचण प्राणवायूची. गोड्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना ७.६; समुद्राच्या पाण्यात ३० अंशांना जेमतेम ६.२. उलट कोळंबीची गरज दर १० अंशांमागे साधारण दुप्पट होते. त्यात वाढवलेलं खाद्य म्हणजे वाढलेला अमोनिया. गोड्या पाण्यात २५ अंश आणि पीएच (आम्ल-अल्कतेचं माप) ८ असताना एकूण अमोनियाचा सुमारे ५ टक्के भाग विषारी रूपात असतो. ३० अंश आणि पीएच ८.५ झाला की तोच २० टक्क्यांवर जातो. खाऱ्या पाण्यात आकडे थोडे कमी, चढण तीच. शेवाळाने हिरव्या झालेल्या पाण्याचा पीएच दुपारनंतर चढतोच. म्हणून पाणी ३२ अंशांच्या वर गेलं की दुपारचं खाद्य वाढवायचं नाही, कापायचं. चेक ट्रेमध्ये (खाद्य किती खाल्लं ते बघायला तळ्यात ठेवलेल्या ताटात) दोन तासांनी खाद्य उरलेलं दिसलं तर पुढची पाळी आणखी कमी. आणि पाण्याची खोली १.२ मीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही. उथळ पाणी दुपारी लगेच तापतं आणि रात्री तितक्याच लवकर थंड होतं.

‘पावसाचं गोडं पाणी फुकट.’ एक हेक्टर तळ्यावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे १० लाख लिटर पाणी. तळं १.२ मीटर खोल असेल तर त्यात १२० लाख लिटर आधीच आहे. सगळं नीट मिसळलं तर १५ पीपीटीचा (लिटरमागे साधारण १५ ग्रॅम मीठ) खारेपणा १३.८ वर येईल. एवढ्याने कोळंबी मरत नाही. पण ते मिसळत नाही, इथेच घात होतो. हलकं गोडं पाणी वर तरंगतं, खारं खाली कोंडतं, तळाचा प्राणवायू संपतो आणि गाळातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. कोळंबी तर तळालाच. म्हणून एअरेटर पाऊस येण्याआधीच सुरू करायचे आणि थांबेपर्यंत चालू ठेवायचे. उघाडीच्या (तळ्याच्या पाण्याच्या दाराच्या) वरच्या फळ्या काढून वरचं पाणी सोडायचं. नेहमीच्या सवयीने तळाचं पाणी काढलं की खारं जातं आणि गोडं उरतं. खाद्य निम्मं किंवा बंद. अल्कलिनिटी (आम्ल झेलण्याची पाण्याची ताकद) लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या खाली आली तर शेतीचा चुना (दळलेला चुनखडक) टाकावा. कळीचा (भाजलेला) चुना भरल्या तळ्यात नको. पीएच उसळतो आणि अमोनिया तिथेच मारतो. खारफुटीच्या जमिनीतल्या मातीचा बांध असेल तर पावसात त्यातून आम्ल झिरपतं, तेव्हा चुना आधी बांधावर.

‘बांध हातभर उंच करा.’ जगभरची समुद्रपातळी १९०१ ते २०१८ दरम्यान सुमारे २० सेंटीमीटर चढली. त्यात २००६ ते २०१८ मधला वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर. बांध हवाच, पण पाया न रुंदावता नुसती उंची वाढवली की उतार खडा होतो आणि पहिल्या मोठ्या पावसात बांध घसरतो. माती १५-२० सेंटीमीटरच्या थरांत दाबून घालावी. ती बसणार, म्हणून दहाएक टक्के उंची जास्त धरावी. मेसेजमध्ये नसलेली गोष्ट निचऱ्याची. भरती-ओहोटीवर चालणाऱ्या तळ्याचं पाणी ओहोटीलाच उतरतं. समुद्र चढला की उघाडी उघडी ठेवता येण्याची वेळ घटते, काढणीनंतर तळ पूर्ण वाळत नाही आणि गाळ साचत जातो. त्याला इलाज एकतर पंप, नाहीतर भर घालून तळ उंचावणं. आणि भर घालायला बाहेरची खारफुटी तोडणं म्हणजे लाटा अडवणारी भिंत आपणच पाडणं.

‘एअरेटर बघून घेईल.’ ठोकळ मानाने एका अश्वशक्तीमागे ४०० ते ५०० किलो कोळंबी. हा आकडा कायम तोच राहत नाही: गरम पाण्यात प्राणवायू मावतोच कमी, त्यामुळे तेच यंत्र तेवढीच वीज जाळून कमी प्राणवायू मिसळतं. आणि वादळात आधी वीज जाते. जनरेटर आठवड्यातून एकदा पूर्ण भारावर चालवून बघावा. नुसता सुरू होतो की नाही एवढं पाहून भागत नाही. डिझेल पुराच्या रेषेच्या वर ठेवावं. वादळाचा इशारा मिळताच खाद्य बंद, कारण पचनासाठीही प्राणवायू लागतो आणि ती गरज खाल्ल्यानंतर काही तास टिकते. वादळांच्या महिन्यांत बीजच (कोळंबीची पिल्लं) कमी सोडावं किंवा मधेच थोडी कोळंबी काढून घ्यावी. मग एअरेटर थोडा वेळ बंद पडला तरी उरलेली तगण्याची शक्यता वाढते.