राऊरकेला हॉकी सहल : दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन स्टार दिलेत, त्याचं काही नाही. पण खाली जे लिहिलंय ते वाचून उद्या चार जण ऑफिसात येऊन तेच विचारणार, म्हणून उत्तर इथंच सगळ्यांसमोर देतो. ओडिशातल्या राऊरकेल्याला हॉकी इंडिया लीगची फायनल बघायच्या आमच्या सहलीबद्दल तुमचं म्हणणं थोडक्यात असं : मॅच फुकट होती तरी आम्ही पैसे घेतले. तासाभराच्या खेळासाठी रेल्वेत दिवस घालवावा लागला. खेळ धड कळला नाही, जागा मागची मिळाली, जेवणात तांबडा-पांढरा नव्हता. आणि हॉकीच बघायची तर कोल्हापुरात ध्यानचंद स्टेडियम असताना ओडिशाला जायचं कशाला? शेवटी निम्मे पैसे परत मागितलेत.

आधी पैशाचं बोलू. हॉकी इंडिया लीगच्या २०२४-२५ च्या हंगामात प्रेक्षकांना प्रवेश मोफत होता, हे आम्ही कधी लपवलं नाही. पावती काढून बघा. कोल्हापूर-पुणे बस, पुणे-राऊरकेला आझाद हिंद एक्स्प्रेसचं थ्री एसी जाऊन-येऊन, लॉज, तिथली गाडी, नाष्टा-जेवण, आणि सगळ्यात खाली ‘सामना प्रवेश : मोफत’ अशी ओळ छापलीय. तिच्यासमोरच्या रकान्यात शून्य आहे. अंबाबाईच्या दर्शनालाही तिकीट लागत नाही, पण म्हणून बाहेरगावच्या भक्ताला लॉजवाला खोली फुकट देत नाही.

प्रवासाचं. कोल्हापुरातून राऊरकेल्याला थेट गाडी नाही. महाराष्ट्र एक्स्प्रेसनं गोंदियापर्यंत जाऊन तिथं गाडी बदलता येते, पण पहिली लेट झाली की दुसरी गेली, आणि मग तीस माणसं सामानासकट फलाटावर. म्हणून पुणं धरलं. झारसुगुड्यापर्यंत विमान आणि पुढं रस्ता, असा महागातला पर्यायही बुकिंगच्या वेळी दाखवला होता. ‘रेल्वेच बरी, गप्पा होतात’ असं तुम्हीच म्हणालात. गप्पा झाल्याही. पाटाकडील आणि शिवाजी या आपल्या फुटबॉल संघांच्या जुन्या मॅचेस तुम्ही बिलासपूर येईपर्यंत गोलासकट सांगत होता, असं सहलीसोबत पाठवलेल्या आमच्या पोरानं सांगितलं. डब्यातल्या एका बंगाली काकांना म्हणे आता आपलं फुटबॉलचं शाहू स्टेडियम बघायचंय.

आता खेळाचं. इथं जरा सविस्तर लिहितो, कारण तुमची खरी नाराजी इथंच आहे असं मला वाटतं.

तुम्ही लिहिलंय, ‘मॅचच्या आधी मैदानावर पाणी मारत बसले, काही तयारीच नव्हती.’ साहेब, तीच तयारी. ते निळं टर्फ ओलं करूनच खेळायचं असतं. कोरड्यावर चेंडू अडकतो, उसळतो, आणि खेळाडू पडला की कातडं सोलून निघतं. ओल्यावर चेंडू सरपटत जातो. म्हणून तर तुमची नजर त्याच्यामागं पोचेना. फुटबॉलचा चेंडू शेवटच्या पायरीवरूनही दिसतो. हॉकीचा दिसायला पहिला क्वार्टर जातो, हा सगळ्यांचाच अनुभव आहे. चेंडू शोधू नका, काठ्या कुठं झुकल्यात ते बघा, हे आमच्या पोरानं गाडीतच सांगितलं होतं. तुम्ही तेव्हा वरच्या बर्थवर होता.

‘तासाभराचा खेळ’ हे खरं आहे. १५-१५ मिनिटांचे चार क्वार्टर. पण त्या साठ मिनिटांत दमून उभा राहिलेला खेळाडू तुम्हाला दिसला का? बदली खेळाडूंवर मर्यादा नाही, अंपायरला विचारायची गरज नाही, दर थोड्या वेळानं दोघं आत, दोघं बाहेर. तुम्ही याला ‘सारखी ये-जा, काही शिस्त नाही’ असं म्हटलंय. त्या ये-जा करण्यामुळंच शेवटच्या मिनिटालाही पहिल्या मिनिटाचा वेग टिकतो.

आणि ‘मध्येच खेळ थांबवून पाच जण तोंडाला मास्क लावून गोलात उभे राहिले, काय चाललंय कुणी सांगेना’. तो पेनल्टी कॉर्नर. ज्यासाठी लोक तिथं येतात तो प्रकार. बचाव करणारे गोलकीपर धरून फक्त पाच, बाकीचे मधल्या रेषेपलीकडं. एक जण गोलाच्या बाजूनं, मैदानाच्या मागच्या रेषेवरून चेंडू ढकलतो, डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या अर्धगोलाच्या, बाहेर दुसरा तो काठीनं थांबवतो, तिसरा उचलून फेकतो. तोवर मास्कवाल्यांतला एक जण थेट त्या चेंडूच्या अंगावर धावत सुटलेला असतो, छातीवर बसला तर बसला. पहिला फटका सरळ हाणला तर तो गोलातल्या मागच्या फळीच्या उंचीच्या आत, म्हणजे ४६ सेंटिमीटरच्या खालून जावा लागतो. पण ड्रॅगफ्लिकला, म्हणजे काठीवरून ओढत भिरकावलेल्या चेंडूला, ती अट नाही, तो वरच्या कोपऱ्यातही घालता येतो. म्हणून प्रत्येक संघ ड्रॅगफ्लिकर जिवापाड जपतो. १ फेब्रुवारी २०२५ च्या त्या फायनलमध्ये राढ बंगाल टायगर्सच्या जुगराज सिंगनं एकट्यानं तीन गोल केले आणि हैदराबाद तूफान्स ४-३ असे हरले. सात गोलांची फायनल! शाहू स्टेडियमवर सात गोल झाले असते तर तुम्ही आठवडाभर दुकान उघडलं नसतं.

त्या गर्दीत तुमच्या शेजारी शाल पांघरून एक आजी बसल्या होत्या. आमच्या पोराचं म्हणणं, तिसऱ्या क्वार्टरपासून तुम्ही त्याला सोडून त्यांनाच विचारत होता, तुमची हिंदी, त्यांची हिंदी, आणि बोटांनी आकडे. पेनल्टी कॉर्नर मिळणार हे आजी शिट्टीच्या आधी ओळखायच्या. नवल नाही. राऊरकेला ज्या सुंदरगढ जिल्ह्यात आहे तिथं पोरांच्या हातात काठी चालायला लागल्यापासून येते. भारताकडून चारशेहून अधिक सामने खेळलेले दिलीप तिर्की तिथल्याच सौनामारा गावचे, आणि अमित रोहिदासही त्याच गावचा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये ब्रिटनविरुद्ध याच रोहिदासला लाल कार्ड मिळालं, भारत दहा जणांवर बराच वेळ खेळला आणि शूटआऊटमध्ये जिंकला. पुढं स्पेनला २-१ हरवून ब्राँझ आणलं. त्याच ऑलिंपिकमध्ये, आठवडाभर आधी, आपल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेनं नेमबाजीत ब्राँझ घेतलं होतं. तेव्हा कोल्हापुरात काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे. तिकडं हॉकीसाठी तसंच होतं.

म्हणूनच ‘कोल्हापुरात हॉकीचं मैदान आहे की’ हे मला पटलं नाही. मैदान आहे, पोरं-पोरी घाम गाळतात, त्यांच्या मॅचेस बघायला जरूर जा, त्यासाठी आमची गरजच नाही. पण राऊरकेल्याच्या बिरसा मुंडा स्टेडियममध्ये २० हजारांवर खुर्च्या आहेत. बसायच्या जागांच्या हिशेबात जगातलं सगळ्यात मोठं हॉकी स्टेडियम म्हणून २०२३ मध्ये गिनीजनं त्याची नोंद केली. त्याच वर्षी जानेवारीत तिथं वर्ल्ड कपचे सामने झाले. ते भरलेलं असताना आत बसणं, यासाठी सहल होती. ज्याला पेठेची ईर्षा कळते त्याला दुसऱ्या गावाची कळेल, असा आमचा अंदाज. बहुतेकांच्या बाबतीत तो चुकलेला नाही.

जागेचं : प्रवेश मोफत म्हणजे नंबराची खुर्ची नाही, आधी येईल तो पुढं बसेल. बस वेळेत पोचली. तुमच्यासह पाच जण फाटकाबाहेर बरा-घुगुनीच्या गाड्यावर थांबलात. उडदाचा गरम वडा आणि वर वाटाण्याची उसळ, मीही थांबलो असतो. पण मग मागची रांग.

तांबडा-पांढऱ्याचं काय बोलू? जेवणात डालमा (भाज्या घातलेली डाळ), भात, भाजी, एक दिवस मटण असं पत्रकात लिहिलं होतं, तसंच दिलं. ओडिशात जाऊन कोल्हापुरी चव मागू नये, एवढंच म्हणतो.

निम्मे पैसे परत देता येणार नाहीत. रेल्वे, लॉज आणि गाडीचे पैसे त्या-त्या लोकांना गेलेत आणि ठरलेली प्रत्येक गोष्ट मिळालीय. तरी एखादी रक्कम खटकत असेल तर बिलं फाईलला लावलेली आहेत. राजारामपुरीतल्या ऑफिसात या, समोर बसून एकेक तपासू. दुपारी दीड ते चार बंद असतं. आणि येताना त्या आजींसोबतचा तुमचा फोटो पोराला पाठवा, तो मागतोय. त्यांच्या नातवाला पाठवायचं त्यानं कबूल केलंय.

आपला,
ट्रॅव्हल्सचा मालक, राजारामपुरी, कोल्हापूर