टी म्हणजे नक्की कोण?

मागणी साधी होती. जावा प्रोग्रामला कुठलंही एनम (ठरावीक किमतींचा नावानिशी संच, उदाहरणार्थ आठवड्याचे वार) द्यावं, त्यातल्या सगळ्या किमतींची ड्रॉपडाउन यादी मिळावी. दर एनमसाठी वेगळा कोड नको. जेनेरिक्स, म्हणजे टाइप आधी न ठरवता त्याच्या जागी 'टी'सारखं अक्षर ठेवून लिहिलेला कोड, असतात ती यासाठीच, असं मुलाखतीत आपण छातीठोकपणे सांगतोच की!

सगळ्या किमती मागायला 'टी डॉट व्हॅल्यूज' लिहिलं. चुकीची लाल रेघ. ठीक, टी हा एनम आहे हे कंपायलरला (कोडचं यंत्रासाठी भाषांतर करणाऱ्याला) सांगायला हवं. ते सांगायची जावाची रीत अशी: 'टी एक्स्टेंड्स एनम<टी>'. टी कोण? तर जो टीच्या एनमचा वारस, तो टी. अशी ओळख कुणी माणसाची करून दिली, तर आपण आधी त्याला खुर्ची देऊ.

रेघ मात्र लालच. व्हॅल्यूज ही स्टॅटिक मेथड (एखाद्या किमतीवर नव्हे, क्लासच्या नावाने बोलवायचं फंक्शन) कंपायलर प्रत्येक एनममध्ये स्वतःच्या हाताने घालतो. सगळ्या एनमांचा पूर्वज असलेल्या मूळ एनम क्लासमध्ये ती नसतेच. वर इरेजर! कंपाइल झालं की टी पुसला जातो. रनटाइमला (प्रोग्राम चालवणाऱ्याला) विचारा, 'टी कोण होता हो?' तो कानावर हात ठेवतो. एनम आणि जेनेरिक्स जावात आले एकदमच, 2004 साली, आवृत्ती 5 मध्ये. तरी एकमेकांशी बोलायला त्यांना मध्यस्थ लागतो: 'क्लास<टी>' हातात द्यायचा, मग त्याच्या गेटएनमकॉन्स्टंट्स मेथडला यादीसाठी विनवायचं.

क्लास कशाला मागायचा, किमतीलाच गेटक्लास विचारू, असं टीममधल्या एका हुशाराने सुचवलं. चाललंही. मग कुणीतरी एका किमतीला महिरपी कंसात तिची स्वतःची मेथड दिली, आणि यादीच्या जागी आला नल, म्हणजे काहीच नाही. अशा किमतीचा क्लास हा एनमचा बिननावाचा सबक्लास (वारस क्लास) असतो, आणि तो स्वतःला एनम मानतच नाही. तिथे गेटडिक्लेअरिंगक्लास विचारावं लागतं. म्हणजे पोराला नाही, बापाला.

सी शार्प ही दुसरी भाषा वापरणारे यावर हसतात. हसू देत. 2018 मध्ये त्यांच्या भाषेची आवृत्ती 7.3 येईपर्यंत टी एनमच असावा अशी अट त्यांना घालताच येत नव्हती. 'स्ट्रक्ट, आयकन्व्हर्टिबल' अशी ढोबळ अट लिहून वेळ मारून नेत होते.

आता नवी मागणी आलीय: एनमलाच टाइप पॅरामीटर (टीसारखं अक्षर) द्या, प्रत्येक किमतीचा टाइप वेगळा. जावात ते होत नाही. जावात तशी सुधारणा करायचा प्रस्ताव होता, जेईपी 301; तो मागे घेतला गेला. मागणीच्या तिकिटावर तोच शेरा मारून मी ते बंद केलं.