टॉर्चनं पाणी दिसतं, पाण्यातली गोटी नाही

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणताय गोटीच्या, म्हणजे वृषणाच्या कॅन्सरवरच्या लेखात मी गाठ गाठ करून पोरांना घाबरवतोय, तुमच्या वडिलांना वीस वर्षं हायड्रोसील, म्हणजे गोटीभोवती साठलेलं पाणी आहे, डॉक्टरनी टॉर्च लावून पाणी आहे म्हणून सांगितलं आणि काही झालं नाही, आता धाकट्या भावालाही तसंच सुरू झालंय तर त्यालाही सोनोग्राफीची काय गरज.

अर्धं बरोबर आहे तुमचं. तिथली बहुतेक सूज साधीच असते. पाणी असतं, नाहीतर व्हेरिकोसील, म्हणजे फुगलेल्या शिरा, हाताला गांडुळांचा गुंता लागावा तशा, बहुतेक डावीकडं आणि आडवं झालं की ओसरणाऱ्या, नाहीतर गोटीच्या वर-मागं वेगळी लागणारी सिस्ट, म्हणजे पाण्याची पिशवी. हे मी लेखात नीट लिहायला पाहिजे होतं, राहिलं.

पण टॉर्चचं नाही पटत. उजेड आरपार गेला म्हणजे पाणी आहे एवढंच कळतं, आतली गोटी कशी आहे ते कळत नाही, आणि काही जणांत गाठीमुळंच पाणी साठतं. गोटीचा कॅन्सर जास्त करून 15 ते 40 वयातल्या पोरांना होतो, म्हणून वडिलांचा हिशोब भावाला लावू नका.

माझा मावसभाऊ 23 वर्षांचा होता, कोल्हापुरात गंगावेशीला तालमीत जायचा. आंघोळीला साबण लावताना गोटीच्या आतच हरभऱ्याएवढा खडा लागायचा, बाकी गोटी मऊ, तेवढीच जागा दगड. दुखत नव्हतं, कुस्तीत गुडघा लागला असेल म्हणून दोन महिने गप्प राहिला, अवघड जागेचं दुखणं, घरात सांगणार कुणाला. मग एका डॉक्टरनी हात न लावताच इन्फेक्शन म्हणून अँटिबायोटिक दिलं, परत बोलावलंही नाही, त्यात आणखी महिना गेला. याचा मला अजून राग येतो. शेवटी सोनोग्राफीत गाठ आतलीच निघाली. बाहेरची गाठ बहुतेक साधी असते, पण गोटीच्या आतली भरीव गाठ कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत कॅन्सरच धरतात. रक्तात एएफपी, बीटा एचसीजी, एलडीएच तपासलं, या कॅन्सरमध्ये हे वाढू शकतात, पण ते नॉर्मल आलं तरी गाठीवरचा संशय जात नाही. तिथं सुई टोचून तुकडा काढत नाहीत, जांघेतून अख्खी गोटी काढतात. सेमिनोमा, म्हणजे गोटीच्या कॅन्सरचाच एक प्रकार होता, वेळेत निघाला, आज त्याला मुलगी आहे.

आणि दुखत नाही म्हणजे साधं, हे डोक्यातून काढा. उलट अचानक जीवघेणं दुखलं तर गोटीला पीळ पडलेला असू शकतो, तेव्हा पहिले सहा तास महत्त्वाचे, रात्र असली तरी तडक दवाखाना गाठायचा.

वडिलांचं वाढत नसेल, त्रास नसेल तर राहू दे. भावाला मात्र याच आठवड्यात न्या, खासगीत जमत नसेल तर सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात. लाजत असेल तर तुम्ही बरोबर जा.