'लोकलचे धक्के न खाल्लेल्यांना...' : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

टोकियोतल्या रेल्वे फलाटावरच्या रांगेचं कौतुक करणाऱ्या माझ्या जपानवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. लेख आवडला नसेल तर तसं खुशाल सांगा, त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण 'मैत्रिणींबरोबर हुंदडून आलेल्या बायकांनी देशांना प्रमाणपत्रं वाटू नयेत' ही कुठली भाषा? मित्रांबरोबर फिरून आलेल्या एखाद्या पुरुषाला तुम्ही हेच लिहिलं असतंत का?

शाकाहारी लोकांनी तिथे काय खायचं याबद्दल मी त्रोटक लिहिलं, हा आक्षेप मान्य. मिसो सूपमध्येसुद्धा, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सूपमध्ये, बहुतेक वेळा सुकवलेल्या माशाचा अर्क असतो. आमच्यातली एक मैत्रीण त्यापायी सुरुवातीला केळी आणि ब्रेडवरच होती. हे लेखात यायला हवं होतं.

मात्र तुमचं एक वाक्य मी सोडणार नाही. 'लोकलचे धक्के न खाल्लेल्यांनाच टोकियोतली रांग बघून गहिवरून येतं. तिथे गर्दीच नाही, म्हणून शिस्त परवडते.'

मी डोंबिवलीत वाढले. कॉलेज आणि पुढे नोकरी, दोन्ही फास्ट लोकलच्या लेडीज डब्यातून केलं. गाडी थांबायच्या आत दांडा पकडून आत घुसायचं, सीटसाठी आधी उलट कल्याणला जाऊन तिथून बसून आलेल्या रिटर्नवाल्यांशी भांडायचं, 'तुम्ही कुठे उतरणार?' विचारून सीट ठरवायची, यात माझी उमेदीची वर्षं गेली. माझ्या आईने त्याच डब्यात भाजी निवडत संसार केला. तेव्हा लोकल काय असते हे कृपा करून मला शिकवू नका.

ती रांग मला दिसली ती यामुळेच. नारिता विमानतळावरून स्कायलायनर या जलद गाडीने आम्ही टोकियोतल्या निप्पोरी स्टेशनला उतरलो. तिथून यामानोते लाइनची, म्हणजे शहराला गोल वळसा घालणाऱ्या मार्गावरची, गाडी पकडायची होती. ऑफिसं सुटायची वेळ, आणि आमच्या हातात भल्यामोठ्या बॅगा. डब्याचं दार जिथे येणार तिथे फलाटावर खुणा रंगवलेल्या होत्या. लोक त्या खुणांच्या दोन्ही बाजूंना उभे होते, मधली वाट मोकळी. गाडी आली आणि दार बरोबर तिथेच उघडलं. आधी उतरणारे उतरले, मग चढणारे चढले. आत खांद्याला खांदा लागत होता. पण सॅकवाल्यांनी सॅक पाठीवरून काढून पुढे छातीशी घेतल्या होत्या, आणि फोनवर कुणी बोलत नव्हतं. पांढरे हातमोजे घातलेला गार्ड फलाटाकडे बोट दाखवून मोठ्याने काहीतरी म्हणत होता. प्रत्येक गोष्ट बोटाने दाखवायची आणि तोंडाने उच्चारायची, म्हणजे नजरचूक होत नाही, अशी तिथल्या रेल्वेची पद्धतच आहे.

आता तुमची 'गर्दीच नाही'. टोकियोतल्या शिंजुकू स्टेशनची नोंद जगातलं सर्वाधिक वर्दळीचं स्टेशन म्हणून गिनीजमध्ये आहे. कोविडच्या आधी तिथे रोज 30 लाखांहून जास्त प्रवाशांची ये-जा होती. मुंबईच्या सगळ्या लोकल मिळून रोजचा आकडा तेव्हा सुमारे 75 लाख होता. मुंबईचा आकडा सगळ्या मार्गांचा, शिंजुकूचा एकट्या स्टेशनाचा. माणसांना डब्यात ढकलून दार लावायला कर्मचारी ठेवावे लागले, तेही जपानमध्येच. तेव्हा गर्दी नाही हे तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलंत, ते सांगा.

आणि मी आपल्या लोकांना नावं कुठे ठेवली? डोंबिवली स्टेशनबाहेर शेअर रिक्षासाठी भर पावसात लागलेली रांग मी जन्मभर पाहिली आहे, तिच्यात उभी राहिले आहे. मध्ये घुसणाऱ्याला लोक तिथे बरोबर मागे पाठवतात. दार कुठे येणार हे ठाऊक असलं आणि मागची गाडी वेळेवर येणार याची खात्री असली, की आपणही रांग लावतो. लेखात मी हेच लिहिलं होतं. तिथवर तुम्ही वाचलं नसावं असं वाटतं.

कामाचे जादा तास, एकटी राहणारी म्हातारी माणसं वगैरे तुम्ही जे मांडलंत, तो त्या लेखाचा विषयच नव्हता. लेखाचं नाव 'टोकियोतली पहिली संध्याकाळ' असं होतं. 'पर्यटकांचं जपान' म्हणालात, तर हो, आम्ही पर्यटकच होतो.

यापुढे लिहाल तेव्हा खाली नाव लिहा. मी माझ्या नावाने लिहिते. 'एक वाचक' या सहीला मी पुन्हा उत्तर देणार नाही.