सक्तीचा परवाना आणि मराठी लेखक: एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखात मी एआयच्या प्रशिक्षणासाठी सुचवलेल्या सक्तीच्या परवान्याला, म्हणजे लेखकाची संमती न विचारता, ठरलेली रॉयल्टी भरून त्याचं लेखन वापरायच्या कंपन्यांच्या मुभेला, विरोध केला होता. त्यावर तुमचं म्हणणं असं: माणूसही वाचूनच शिकतो, लेखकाला पैसे मिळणारच आहेत, आणि लेखक अडून बसले तर यंत्रं इंग्रजी-हिंदी शिकतील, मराठी मागे पडेल.

पहिला मुद्दा मला पटत नाही. वाचक पुस्तक विकत घेतो किंवा ग्रंथालयातून आणतो, त्याची प्रत काढून ठेवत नाही. प्रशिक्षणासाठी प्रत साठवावी लागते, आणि १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १४ इलेक्ट्रॉनिक साठवणही पुनरुत्पादनातच धरतं. हा हक्क लेखकाचा.

आता पैसे. केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये जो मसुदा मांडला, त्यात कंपन्यांनी उत्पन्नाच्या काही टक्के रॉयल्टी एका मध्यवर्ती संस्थेकडे भरायची, दर सरकारने नेमलेली समिती ठरवणार, आणि लेखकाला ‘नाही’ म्हणायची सोयच नाही. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशातसुद्धा व्यावसायिक वापराला नकार देण्याची वाट ठेवली आहे. आपल्याकडे ती का नसावी?

आणि ही रॉयल्टी मागायला जाणार कोण? दिवाळी अंकात कथा लिहिणारे, एकरकमी मानधनावर अनुवाद करणारे कितीतरी जण लेखी करार न करताच काम करतात. कलम १९ प्रमाणे हक्काचं हस्तांतरण लेखी नसेल तर ते ग्राह्यच नाही, म्हणजे हक्क बहुधा त्यांच्याकडेच असतो. पण हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. चित्रपटसंगीताचंच पाहा. गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीतला वाटा सोडून देता येणार नाही, अशी तरतूद २०१२ मध्ये झाली. तरी तो गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था सुधारित कायद्याखाली नोंदली जायला २०१७ उजाडलं. तिथे निदान मोठी नावं भांडायला होती. तालुक्याच्या गावातल्या कवयित्रीसाठी कोण भांडणार?

मराठी मागे पडण्याची तुमची काळजी मात्र खरी आहे, ती मलाही आहे. पण त्यासाठी हयात लेखकांवर सक्ती कशाला? लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी साहित्य मुक्त होतं. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सर्वांना खुलं आहे. ह. ना. आपटे, केशवसुत, बालकवी तर त्याच्याही कितीतरी आधीपासून. शिवाय राज्य सरकारकडेच मराठीचा केवढा साठा आहे! विश्वकोशाचे खंड, बालभारतीची पुस्तकं, विधिमंडळातली भाषणं. यातलं बरंच संकेतस्थळांवर वाचायला मिळतं, पण वाचायला मिळणं म्हणजे वापराची परवानगी नव्हे. सरकारने आपल्या मालकीचं तेवढं स्पष्ट परवान्यासह आधी मोकळं करावं. त्याला कुठल्याही लेखकाची आडकाठी नाही. ज्यांना आपलं लेखन आपणहून द्यायचं आहे, त्यांनाही आज कोणी अडवलेलं नाही.